फर्लरचा लोच्या

तुमचा वीकेंड कुठे सुरू होतो? मॉलमध्ये, मल्टिप्लेक्समध्ये की सरळ गादीवर? आमच्या ग्रुपमधल्या चौघांचा सुरू होतो गेटवेच्या पायऱ्यांवर. दोघं आयटीवाले, एक बँकेत, एक सीए. चौघांनी मिळून 26 फुटी सेकंडहँड शिडाची होडी घेतलीय. ‘फ्लॅटचं बुकिंग करायच्या वयात होडी कसली घेता?’ हे चारही घरांत विचारून झालंय. मी मात्र कायमची फुकट पाहुणी. फेब्रुवारीतल्या एका रविवारी मांडव्याहून परत येताना याच होडीनं आमचा घाम काढला, त्याची ही स्टोरी.

आधी थोडं टेक्निकल, पण घाबरू नका. अशा होडीला दोन शिडं असतात. पुढचं शीड आवरायचं तर पूर्वी कुणाला तरी हलत्या होडीच्या पार नाकापर्यंत जाऊन, अंगावर लाटा घेत ते खाली ओढायला लागायचं. फर्लर आला आणि हे काम मागे बसल्या बसल्या व्हायला लागलं. फंडा खिडकीच्या रोलर ब्लाइंडचाच, फक्त उभा. होडीच्या नाकापासून डोलकाठीच्या टोकापर्यंत एक स्टीलची तार जाते, तिला म्हणतात फोरस्टे. त्या तारेवर ॲल्युमिनियमची लांब नळी चढवलेली असते. नळीच्या खाली ड्रम, वर स्विव्हल. ड्रमची दोरी ओढली की नळी फिरते आणि शीड तिच्याभोवती गुंडाळलं जातं. स्विव्हलचा खालचा भाग शिडाबरोबर फिरतो, वरचा भाग जागेवर राहतो. शीड वर ताणून धरणारी दोरी, म्हणजे हॅलयार्ड, त्या वरच्या भागाला बांधलेली असते. ती फिरता कामा नये. आमचा सगळा लोच्या इथेच झाला.

दुपारचे चार. मुंबईच्या समुद्रावर या वेळेला वायव्येकडून वारा उठतो, आणि मांडव्याहून गेटवेला यायचं म्हणजे नेमकं त्याच्याच तोंडावर. शीड कमी करायचं ठरलं. बँकवाल्यानं दोरी ओढली, अर्धं शीड गुंडाळलं आणि गाडी अडकली. ‘लाव विंचवर!’ सीए ओरडला. विंच म्हणजे हँडल मारून दोरी ओढायचं यंत्र. त्याची ताकद माणसाच्या कितीतरी पट, त्यामुळे समोर काय तुटतंय हे हाताला कळतच नाही. दोन-तीन वेढे मारले आणि वरून ‘टण्ण’ असा आवाज आला.

होडी सांभाळायला येणारे तांडेलकाका तोपर्यंत गप्प बसून होते. आवाज ऐकल्यावर उठले. ‘हात काढ रे पोरा. वर बघितलंस का काय अडकलंय ते?’ आम्ही पाचही जणांनी माना वर केल्या. हॅलयार्डनं वरच्या टोकाला फोरस्टेभोवती मस्तपैकी वेढे घातले होते. म्हणजे शीड गुंडाळेना आणि दोरीच अडकल्यामुळे खालीही उतरेना.

काकांनी डोलकाठीच्या टोकावरून येणारी एक जादा दोरी नाकाशी नेऊन कचकचून बांधली, मोठं शीड उतरवलं आणि इंजिन लावून होडी जागच्या जागी गोल फिरवायला लागले. मला वाटलं, यांचं डोकं फिरलं. पण चार-पाच चकरांत फडफडणारं अर्धं शीड तारेभोवती आपोआप गुंडाळलं गेलं. बाजूनं जाणाऱ्या लाँचमधली मंडळी मोबाइल काढून शूटिंग करत होती, त्यांना आम्ही टाटासुद्धा केला.

टाटा करण्यासारखं काही नव्हतं, हे आठवड्यानं कळलं. किनाऱ्यावर डोलकाठी उतरवून नळी सोडवली तेव्हा आतली फोरस्टे दिसली. 19 पेडांच्या तारेतले 3 पेड वरच्या जोडाशी तुटलेले. ही तार डोलकाठीला पुढून धरून ठेवते. ती गेली की डोलकाठी मागे पडणार, आणि मागे कोण बसलेलं असतं? आम्ही. फर्लरची हीच गोम आहे, नळी तार झाकून टाकते. खालून पाहिलं तर सगळं चकाचक.

मग सुरू झालं खरं भांडण: दुरुस्ती की नवीन? आयटीवाले म्हणाले, नवीन घ्या, डोक्याला शॉट नको. इम्पोर्टेड सेट, वर ड्यूटी, म्हणजे लाखाच्या पुढेच. सीएनं एकेक पार्ट समोर मांडला. ड्रमचं आणि स्विव्हलचं बेअरिंग गोड्या पाण्यानं धुतल्यावर लोण्यासारखं फिरायला लागलं. (ग्रीस थापायची घाई करू नका. काही कंपन्यांची बेअरिंग्ज ग्रीसशिवाय चालायलाच बनवलेली असतात.) नळी तुकड्यातुकड्यांची असते. वरचा एकच तुकडा वाकला होता, आणि मॉडेल अजून बनत असल्यामुळे तो सुटा मिळाला. मॉडेल बंद झालं असतं तर नवीन सेटच घ्यावा लागला असता. स्टीलचे स्क्रू ॲल्युमिनियममध्ये मिठानं चिकटून बसले होते, ते काढण्यात अख्खा रविवार गेला. फोरस्टेबद्दल मात्र कुणी वाद घातला नाही. नवीनच.

आणि मूळ कारण? मागच्या सीझनला स्वस्तात मिळालं म्हणून दुसऱ्या होडीचं शीड घेतलं होतं. ते उंचीला आखूड, त्यामुळे स्विव्हल बराच खाली राहायचा. हॅलयार्ड आणि फोरस्टे यांच्यात साधारण 10 अंशांचा कोन लागतो. इथे दोन्ही जवळजवळ समांतर, म्हणजे वेढा बसणारच. उपाय होता शिडाच्या टोकाला तारेचा एक तुकडा जोडून स्विव्हल वर नेण्याचा. सगळ्या बिलात सर्वांत छोटी रक्कम त्याचीच होती.

एप्रिलमध्ये होडी पुन्हा पाण्यात उतरली. मे अखेर ती पावसाळ्यासाठी वर काढायची, म्हणजे हातात जेमतेम दोन महिने. चौघांचा गोव्याचा प्लॅन कॅन्सल झालाय. बँकवाला हल्ली दुर्बीण घेऊन येतो आणि दोरीला हात लावण्याआधी वर बघतो. तांडेलकाका त्याला ‘साहेब’ म्हणायला लागलेत, पण हसत हसत.