मायनरला स्टॅटिस्टिक्स घेऊ का?

ज्यांना हेडफोन लावायला जमत नाही त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. गेल्या काही दिवसांत एकाच प्रश्नाच्या व्हॉइस नोट सारख्या येतायत: "ताई, मेजर अर्थशास्त्र आहे. मायनरला स्टॅट्स घेऊ का? गणित कच्चं आहे."

मी आता तिसऱ्या वर्षाला आहे. मेजर अर्थशास्त्र, मायनर स्टॅट्स. आणि खरं सांगते, मी तो घेतला तेव्हा काही फार विचार केला नव्हता. मैत्रिणीने घेतला म्हणून घेतला.

आधी हिशोब बघू. यूजीसीच्या डिसेंबर २०२२च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला १२० क्रेडिट आहेत, त्यातले २४ मायनरचे. चार वर्षांच्या पदवीला १६०, त्यात मायनरचे ३२. विद्यापीठाप्रमाणे आकडा थोडा खाली-वर होतो, पण साधारण पदवीचा पाचवा हिस्सा धरा. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरमध्ये १५ तास, प्रॅक्टिकलचं ३०. म्हणजे "मायनर आहे, बसल्या बसल्या होईल" हे डोक्यातून काढून टाका.

पहिलं वर्ष कंटाळवाणं गेलं. सरासरी, मध्यक, प्रमाण विचलन, कॅल्क्युलेटर बडवत बसायचं. मला वाटलं, हे तर दहावीतलंच आहे. माझं मत बदललं ते दुसऱ्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा.

आमच्याकडे लातूरला सोयाबीन असतं. बाबा वैतागले होते. "अगं, आपल्या शिवारात काहीच हाती आलं नाही, आणि मंडळाची सरासरी एवढी कशी? कागदावर काहीही लिहितात!" मीही तावातावाने हो ला हो केलं. मग वाटलं, एक मिनिट, हा तर आपल्या पेपरातला विषय आहे.

पीक विमा एकेका शेताचं नुकसान बघून ठरत नाही, निदान उत्पादनावर आधारलेला भाग तरी नाही. महसूल मंडळात काही शेतं लॉटरीसारखी निवडतात, तिथे पीक कापणी प्रयोग होतो. पंतप्रधान पीक विमा योजनेत मंडळाच्या पातळीवर एका पिकाचे निदान १० प्रयोग करायचे असतात. त्यांची सरासरी उंबरठा उत्पादनापेक्षा जितके टक्के कमी, तितके टक्के विमा रक्कम मंडळातल्या सगळ्यांना. त्यामुळे बाबांचं शेत पूर्ण गेलं आणि सरासरी तरीही बरी आली, हे कुणीही लबाडी न करता घडू शकतं. बाबांना हे पटवायला दोन चहा लागले.

पण सरासरीच चुकली तर? अनेक पिकांना १० बाय ५ मीटरचा प्लॉट आखतात. म्हणजे ५० चौरस मीटर, हेक्टरचा दोनशेवा भाग. प्लॉटमध्ये ५ किलो सोयाबीन निघालं तर हेक्टरी १० क्विंटल. आता त्यात पाव किलो चुकून जास्त आलं, तर हेक्टरी ५० किलो वाढले!

चुका दोन जातीच्या असतात, आणि माझ्या मते मायनरचं खरं मोल इथेच आहे. पहिली चूक नशिबाची: निवडलेली १० शेतं योगायोगाने चांगली निघाली. ती जास्त प्रयोग केले की कमी होते. चौपट प्रयोग केले तर साधारण निम्म्यावर येते. दुसरी चूक एकाच दिशेला झुकलेली, तिला बायस म्हणतात. कापणारा माणूस दोरीवर आलेलं प्रत्येक झाड आतच धरत असेल, तर १० प्रयोग करा नाहीतर १०,०००, ती चूक तशीच राहते.

यावर आपल्याकडे जुना वाद आहे. १९४०च्या दशकात प्रशांतचंद्र महालनोबिस बंगालमध्ये पीक मोजायला अगदी छोटे गोल प्लॉट वापरत होते. काम झटपट, खर्च कमी. पांडुरंग सुखात्मे, आपल्या साताऱ्याकडच्या बुध गावचे, म्हणाले की छोट्या प्लॉटमध्ये उत्पादन फुगून येतं. कारण काठ. स्वतः करून बघा: ६० सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात काठावरची फक्त अडीच सेंटिमीटरची पट्टी जास्त धरली, तर क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढतं. तीच पट्टी १० बाय ५च्या प्लॉटला चारी बाजूंनी धरली, तर दीड टक्का. वर्तुळाचं क्षेत्रफळ आपण शाळेतच शिकलोय, पण हा प्रश्न शाळेत कुणी विचारला नव्हता.

पैशात बघू. हे आकडे फक्त उदाहरणाला. उंबरठा १,००० किलो, खरं उत्पादन ८००, विमा रक्कम हेक्टरी ५०,०००. घट २० टक्के, मिळायला हवेत १०,०००. मोजणी पाच टक्के फुगली तर उत्पादन ८४० दिसतं, घट १६ टक्के, मिळतात ८,०००. दोरीवरच्या झाडांनी २,००० रुपये खाल्ले, आणि तेही मंडळातल्या प्रत्येक विमाधारकाचे, दर हेक्टरी.

अर्थशास्त्राच्या वर्गात मी विमा शिकले, जोखीम शिकले. पण तक्त्यात छापलेला आकडा शेतात कसा तयार होतो, हे मला मायनरने दाखवलं. भूगोल, मानसशास्त्र, पत्रकारिता, काहीही मेजर असू दे, तिथेही कुणीतरी कुठेतरी मोजलेलंच असतं.

आता कच्च्या गणिताचं. सुरुवातीच्या पेपरांना बेरीज-गुणाकार आणि सबुरी पुरते. पुढे प्रोबॅबिलिटी डिस्ट्रिब्युशन येतात तेव्हा कॅल्क्युलस नसलेल्यांची दमछाक होते. माझी झाली. एका पेपरला कशीबशी पास झाले. तेव्हा फॉर्म भरण्याआधी पुढच्या सेमिस्टरचा अभ्यासक्रम उघडून बघा, बारावीला गणित लागतं का ते विचारा, आणि प्रॅक्टिकल आर किंवा एक्सेलवर होतात की नुसती जर्नल उतरवायची असतात, हे सीनियरकडून काढून घ्या. जर्नलच असेल तर मी दुसरा मायनर बघेन.

मायनर करून स्टॅटिस्टिशियन होत नाही हेही खरं. एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्स डोक्यात असेल तर प्रवेशाच्या अटी आत्ताच वाचा, तिसऱ्या वर्षी नको.

बाबा यंदा पीक कापणी प्रयोगाच्या दिवशी बांधावर उभे राहणार म्हणतायत. प्लॉट आमच्या शेतात पडो न पडो. मला म्हणाले, "टेप तू आण."

तुमचं मेजर काय आहे आणि त्यात कोणता आकडा तुम्हाला पटत नाही, ते व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या भागात एक आकडा घेऊ आणि तो कसा मोजला ते बघू.