गुंजनपक्षी आणि गुंजनपतंग

इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ हेन्री वॉल्टर बेट्स हे १८४८ ते १८५९ या काळात ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यात राहिले. तेथे गुंजनपक्षी समजून आपण अनेकदा पतंगच टिपला, असे त्यांनी १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात नमूद केले आहे. सुरवंटाचे फुलपाखरू होते, तसाच पतंगाचा गुंजनपक्षी होतो, अशी तेथील रहिवाशांची समजूत होती. या समजुतीचे उत्तर दोन्ही प्राण्यांच्या रचनेत व जीवनक्रमात सापडते.

तुलनेसाठी दोन सुपरिचित जाती घेऊ. माणिककंठी गुंजनपक्षी उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात वीण करतो. त्याचे वजन अवघे ३ ग्रॅमच्या आसपास असते. मॅक्रोग्लोसम स्टेलाटॅरम हा दिवसा उडणारा पतंग युरोप व आशियात आढळतो. येथे त्यास गुंजनपतंग म्हटले आहे. दोघेही फुलासमोर हवेत स्थिर राहून मधुरस शोषतात. पक्ष्याचे पंख सेकंदास सुमारे ५० वेळा हलतात, पतंगाचे त्याहूनही अधिक. त्यामुळे पंखांच्या जागी केवळ धूसर छाया दिसते.

साम्य येथेच संपते. पक्ष्याच्या दोन पंखांत हाडे असून छातीचे स्नायू ती हलवितात. पतंगास चार पंख असतात. त्याचे मुख्य स्नायू वक्षाच्या कवचाचा आकार बदलतात व त्यायोगे पंख वरखाली होतात. पक्ष्यास चोच, जीभ व पिसे असतात. पतंगास घडीच्या स्प्रिंगसारखी गुंडाळली जाणारी सोंड, सहा पाय, शृंगिका व खवले असतात. पतंगाची शेपटी वाटते, तो खवल्यांचा झुबका होय.

पक्षी बहुधा दोन अंडी घालतो व पिलांना भरवून वाढवितो. पतंगाच्या अंड्यातून सुरवंट निघतो, त्याचा कोश होतो व कोशातून पतंग बाहेर पडतो. पतंग ही या रूपांतराची अखेरची अवस्था होय. त्यापुढे त्याचे दुसरे काही होत नाही.

मग हे साम्य आले कोठून? खोल फुलातील रस न बसता मिळविणे, हे दोघांचेही काम एकच. त्या कामास उपयुक्त अशी ठेवण दोन्ही कुळांत स्वतंत्रपणे विकसित झाली. अशा साम्यास अभिसारी क्रमविकास म्हणतात. ते समान उपजीविकेचे गमक आहे, निकट नात्याचे नव्हे.

गुंजनपक्षी निसर्गतः केवळ अमेरिका खंडांतच आढळतात. भारतातील बागेत फुलापुढे तरंगणाऱ्या अशा जीवास शृंगिका व गुंडाळलेली सोंड दिसल्यास तो पतंगच समजावा.