पडद्याची वेस ओलांडताना

टेबलावर दोन कॉम्प्युटर शेजारीशेजारी आले की एक फजिती ठरलेली: नजर उजव्या पडद्यावर, बोटं डाव्या कीबोर्डवर. लेखाची अर्धी ओळ भलत्याच ई-मेलमध्ये मीही टंकली आहे.

सर्व्हरच्या खोल्यांत ही अडचण आधी आली. तिथे उपाय निघाला तो एका डब्याचा. सगळ्या वायरी त्यात खुपसायच्या; बटण दाबलं की तोच कीबोर्ड, तोच पडदा, तोच माउस पुढच्या यंत्राला लागायचा. कीबोर्ड, व्हिडिओ आणि माउस यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून डब्याला केव्हीएम म्हणू लागले. त्याला थोडी लबाडीही करावी लागे. जुने पीसी सुरू होताना कीबोर्ड दिसला नाही तर अडून बसत, आणि वर ‘एफ१ दाबा’ असं सांगत! म्हणून डबा प्रत्येक यंत्राला कीबोर्ड जोडलेला असल्याचं भासवत राही.

पडदे वेगळे असतील तर डबा कशाला, नेटवर्क आहेच की. 1996 मध्ये सिलिकॉन ग्राफिक्समधल्या रिचर्ड ली आणि ॲडम फेडर यांनी त्यासाठी ‘कॉस्मोसिनर्जी’ हा प्रोग्राम लिहिला. 2001 मध्ये ख्रिस शोनेमन यांनी तीच कल्पना ‘सिनर्जी’ म्हणून नव्याने उभी केली. बाण पडद्याच्या कडेला टेकला की मुख्य यंत्र तो लपवतं आणि हाताची हालचाल तेवढी तारेवरून पुढे धाडतं. शेजारचं यंत्र आपला बाण त्याप्रमाणे हलवतं.

माउसचं निभावतं. खरी कसोटी कीबोर्डची, त्यातही आपल्या लिपीची. कीबोर्डला अक्षर ठाऊक नसतं. तो फक्त कळीचा क्रमांक सांगतो. देवनागरीच्या इनस्क्रिप्ट मांडणीत इंग्रजी ‘के’च्या कळीवर ‘क’ उमटतो, शिफ्टसह ‘ख’, पण ते ठरवते ऑपरेटिंग सिस्टिम. मग पलीकडे क्रमांक पाठवायचा की अक्षर? सिनर्जी अक्षराची ओळख पाठवतं आणि पलीकडचं यंत्र ते उमटवणारी कळ स्वतःच्या मांडणीत शोधतं. तिथे मराठी मांडणी बसवलेलीच नसेल तर ‘क’ शोधायचा कुठे? शिवाय शिफ्ट आणि 7 दाबून येणारा ‘क्ष’ युनिकोडच्या लेखी एक अक्षर नव्हेच. क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हं. एका कळीला एक अक्षर हे गृहीतक देवनागरीपुढे टिकत नाही.

दुसरी अडचण विश्वासाची. प्रत्येक कळ वाचणारा आणि दुसऱ्या यंत्रावर कळा दाबणारा प्रोग्राम! हेरगिरीच्या सॉफ्टवेअरचं वर्णन याहून वेगळं काय असतं? लिनक्सवरच्या जुन्या ‘एक्स’ व्यवस्थेत ही मोकळीक कुणालाही होती. नव्या ‘वेलँड’ने ती काढून घेतली आणि ही सोयही अडली. मग पीटर हटरर यांनी ‘लिबेई’ लिहून परवानगीची वेगळी वाट काढली, तिची 1.0 आवृत्ती 2023 मध्ये आली. मॅकवरही अशा प्रोग्रामला सेटिंगमध्ये जाऊन मुभा द्यावी लागते.

ती मुभा द्यायची त्या दुसऱ्या यंत्रावरच, आणि सामायिक माउस तर अजून तिकडे पोचलेला नसतो. कपाटातला जुना, वायरचा माउस मी म्हणूनच टाकून दिलेला नाही.