परदेशी समुद्र आणि मुक्कामाची मुदत
(नभोवाणीवरील भाषण)

जून महिना लागला की गोव्याचा समुद्र आपले दार लावून घेतो. होड्या किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांखाली झाकल्या जातात, घरोघरची पुरुमेताची खरेदी आटोपलेली असते, आणि २४ जूनला, सांजांवाच्या दिवशी, तरुण मुले डोक्यावर फुलापानांचे कोपेल चढवून विहिरींत उड्या घेतात. ग्रँड बेटाजवळ पर्यटकांना पाण्याखाली नेणाऱ्या नावाही या चार महिन्यांत उभ्या असतात, आणि त्यांच्यावर पोट असणारे तरुण रिकामे बसतात.

असाच एक तरुण, माझा जुना विद्यार्थी, पावसाच्या तोंडावर माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, थायलंडला जाऊन पाणबुड्याचे पुढचे शिक्षण घ्यावे म्हणतो. तिथल्या एका माणसाने कळविले आहे, की लांब मुदतीचा व्हिसा काढून ये आणि सहा महिने राहा. रोज नावेवर टाक्या उचलायच्या, पाहुण्यांना पाण्यात न्यायचे. त्याच्या बदल्यात शिक्षण फुकट. आई बांगड्या गहाण ठेवायला तयार आहे. तुम्ही काय म्हणता?"

मी जन्मात गळ्यापेक्षा खोल पाण्यात उतरलेलो नाही. परंतु कागद वाचणे हा शिक्षकाचा धर्मच आहे. आम्ही दोघांनी बसून नियम वाचले. त्यातून जे उमगले ते, अशा प्रवासाचा विचार करणाऱ्या इतरांच्याही उपयोगी पडावे म्हणून, येथे सांगत आहे.

प्रथम, थायलंडच का? नैऋत्येचा मोसमी वारा त्या देशाचा पश्चिम किनाराही झोडपतो. अंदमान समुद्रातील सिमिलान बेटांचे राष्ट्रीय उद्यान मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच असते. पण थायलंडच्या आखातातील को ताओ हे चिमुकले बेट भूभागाच्या पूर्वेस, आडोशाला आहे. तेथील मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमधला. म्हणजे आपला समुद्र मिटतो तेव्हा त्यांचा उघडा असतो. बुडीचे शिक्षण देणाऱ्या शाळाही त्या बेटावर पुष्कळ आहेत. तेव्हा मुलाची निवड काही चुकीची नव्हती.

आता व्हिसा. थायलंडने जुलै २०२४ मध्ये 'डेस्टिनेशन थायलंड व्हिसा' नावाचा दीर्घ मुदतीचा व्हिसा सुरू केला. त्यात दोन आकडे येतात आणि लोकांचा घोटाळा येथेच होतो. पाच वर्षे ही व्हिशाची मुदत. तेवढ्या काळात दार कितीही वेळा उघडून आत जाता येते. पण एका वेळच्या मुक्कामाची मर्यादा १८० दिवसांची. ती एकदा वाढवून मागता येते. वाढ देणे न देणे तेथील अधिकाऱ्याच्या हाती. पाच वर्षांचा व्हिसा म्हणजे पाच वर्षांचा सलग मुक्काम नव्हे. खरा आकडा असतो तो विमानतळावर पासपोर्टात उमटणाऱ्या शिक्क्यात. कोणत्या तारखेपर्यंत राहता येईल ते तेथे लिहिलेले असते, आणि उतरल्या जागीच ते वाचून पाहावे.

या व्हिशासाठी अर्जदाराचे वय किमान २० हवे, अर्ज थायलंडच्या बाहेरून करावयास हवा, आणि आपल्या नावे ५ लाख बाथ शिल्लक असल्याचे दाखवावे लागते. आपल्या चलनात ही रक्कम १२ लाख रुपयांच्या वर जाते. दूरदेशी मालकाचे काम संगणकावरून करणारे, तसेच थाई मुष्टियुद्ध, थाई पाककला, क्रीडाशिक्षण वा औषधोपचार यांसाठी येणारे, अशांकरिता तो आहे. समुद्रातील बुडीचा अभ्यासक्रम क्रीडाशिक्षणात धरावयाचा की नाही, हे शाळेचे पत्र पाहून दूतावास ठरवितो. म्हणून शाळेला आगाऊ पैसे भरण्यापूर्वी दूतावासास विचारावे, हा क्रम उलटा करू नये.

५ लाख बाथ आमच्या मुलाजवळ अर्थातच नव्हते. मग पाहिला साधा पर्यटक व्हिसा. त्यावर ६० दिवस राहता येते, आणि तेथील परदेशी नागरिकांच्या कचेरीत १,९०० बाथ भरून आणखी ३० दिवसांची वाढ मागता येते. वाढ मिळाली तर एकूण ९० दिवस. जून, जुलै आणि जवळजवळ सारा ऑगस्ट त्यात बसतो.

आता हिशेब असा, की शिकायला खरोखर किती दिवस लागतात? पहिल्या पायरीच्या अभ्यासक्रमाला तीन-चार दिवस पुरतात आणि १८ मीटरपर्यंत उतरण्याची पात्रता येते. पुढची पायरी ३० मीटरची. त्यानंतर संकटात सापडलेल्यास वाचविण्याचे आणि प्रथमोपचाराचे शिक्षण. मग 'डाइव्हमास्टर' ही मार्गदर्शकाची पदवी. 'पॅडी' या जगभर चालणाऱ्या पद्धतीत त्या अभ्यासक्रमाला आरंभ करताना नोंदवहीत ४० बुड्या असाव्या लागतात आणि पुरा होताना ६०. दिवसाला दोन बुड्या धरल्या तर साठांना ३० दिवस. आठवड्याला एक दिवस विश्रांतीचा धरला तर पाच आठवडे. परीक्षा, सराव, सर्दीने कान बंद होऊन गेलेले दिवस, हे सारे मिळवूनही ९० दिवसांत काम आटोपते.

मग ते सहा महिने कशासाठी होते? मी विचारले तेव्हा मुलगा गप्प झाला. जास्तीचे तीन महिने शिकण्यासाठी नव्हते, राबण्यासाठी होते.

आणि ते राबणे बेकायदा ठरले असते. व्हिसा पर्यटनाचा असो वा हा नवा दीर्घ मुदतीचा, त्यावर थायलंडमधील कोणा मालकाचे काम करता येत नाही. त्यासाठी वेगळा व्हिसा आणि कामाचा परवाना लागतो. रोख पगार घेतला नाही एवढ्याने काम हे काम राहत नाही, असे समजू नये. विनापरवाना काम करणाऱ्या परदेशी माणसाला ५,००० ते ५०,००० बाथ दंड आणि देशाबाहेर रवानगी अशी शिक्षा तेथील कायद्यात आहे. मालकालाही दंड आहे. पण मालक आपल्याच देशात राहतो, पासपोर्ट डागाळतो तो पोराचा. शिकाऊ माणूस गुरूबरोबर पाण्यात उतरतो आणि फी भरतो. तो पाहुण्यांना एकटा नेऊ लागला, की शिकाऊपणाचा आडोसा संपला. अशा वेळी पाण्यात अपघात झाला, तर विमा कंपनीही हात झटकू शकते. सामान्य प्रवासविम्यात कित्येकदा स्कूबा वगळलेले असते किंवा खोलीची मर्यादा घातलेली असते, तेही आधी वाचावे.

पैसे आणि कागद यांखेरीज शरीराचाही एक हिशेब आहे. पाणबुड्याच्या पाठीवरील टाकीत निव्वळ प्राणवायू असतो अशी पुष्कळांची समजूत आहे. सामान्यतः तीत आपण घेतो तीच हवा दाबून भरलेली असते. दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो आणि त्या दाबाखाली हवेतील नत्रवायू रक्तात व स्नायूंत विरघळू लागतो. सावकाश वर आले तर तो श्वासावाटे निघून जातो. घाईने आले तर सोड्याच्या बाटलीचे बूच उडावे तसे शरीरात बुडबुडे होतात. सांधे धरतात, प्रसंगी अर्धांग होते. टप्प्याटप्प्याने वर येण्याचा उपाय हॉल्डेन या शास्त्रज्ञाने १९०८ मध्ये मांडला. आजही पाणबुडे वर येताना सुमारे ५ मीटरवर तीन मिनिटे थांबतात, ते याच कारणाने.

पाण्याबाहेर आल्यावरही काही तास हा नत्रवायू शरीरात उरतो, आणि विमानात हवेचा दाब कमी असतो. म्हणून अनेक दिवस बुड्या घेतलेल्या माणसाने शेवटच्या बुडीनंतर किमान १८ तास विमानात बसू नये, असा दंडक आहे. मुदतीच्या शेवटच्या दिवशी सकाळी बुडी आणि संध्याकाळी विमान, असा बेत करणारा आपल्या पासपोर्टाला सांभाळतो आणि शरीराला विसरतो. उलट, बुडीपायी विमान पुढे ढकलले तर मुदत उलटते. मुदत उलटल्यास दिवसाला ५०० बाथ, जास्तीत जास्त २०,००० बाथ दंड आहे. नव्वद दिवसांहून अधिक उलटल्यास, आपण होऊन हजर झाले तरी, वर्षभर प्रवेशबंदी. मुदतबाह्य असताना आत पकडले गेल्यास निदान पाच वर्षे. तेव्हा शेवटचे दोन-तीन दिवस कोरडे ठेवावेत. दीर्घ मुदतीच्या व्हिशाचा खरा लाभ मला हाच वाटतो: माणसाला घाई करावी लागत नाही. कान दुखला तर थांबता येते, समुद्र खवळला तर वाट पाहता येते.

आणखी दोन गोष्टी. जो सलग ९० दिवसांहून अधिक राहतो, त्याला आपला पत्ता तेथील कचेरीस कळवावा लागतो, आणि पुढेही दर ९० दिवसांनी. तसेच मे २०२५ पासून देशात शिरण्यापूर्वी तीन दिवसांच्या आत संगणकावर आगमनपत्र भरणे सुरू झाले आहे. सवलती आणि दर वेळोवेळी बदलतात; म्हणून मित्राच्या सांगण्यावर वा मागल्या वर्षीच्या कागदावर न जाता दूतावासाकडून खात्री करून घ्यावी.

आमच्या मुलाने त्या माणसास पत्र पाठविले, आणि एवढेच विचारले, की माझा कामाचा परवाना आपण काढणार काय? उत्तर आले नाही. आता तो या हंगामात ग्रँड बेटाच्या नावेवर मिळेल ते साठविणार आहे आणि पुढल्या जूनमध्ये फी भरून, नव्वद दिवसांच्या हिशेबाने जाणार आहे. डॉक्टरांकडून कान, नाक आणि छाती तपासून घेण्यास मी त्याला सांगितले आहे. गेल्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर त्याची आई भेटली. बांगड्या तिच्या हातांत होत्या.