कर्ता कोण? नागर हवामान-कृतीतील युवासहभागाच्या तीन संहिता

शहरांच्या हवामानविषयक धोरणात ‘युवकांना सहभागी करून घेणे’ हा शब्दप्रयोग आता रूढ झाला आहे. त्याची व्याकरणिक रचना लक्षणीय आहे. ‘सहभागी होणे’ या क्रियेचा कर्ता युवक असतो. ‘सहभागी करून घेणे’ या क्रियेचा कर्ता मात्र शासन वा महानगरपालिका असते आणि युवक कर्मस्थानी जातो. हा भेद केवळ शाब्दिक नाही. वाढते तापमान आणि पूर यांचे परिणाम ज्या पिढीला दीर्घकाळ भोगावयाचे आहेत, तिला निर्णयात कोणता वाटा मिळतो, हा प्रश्न त्यात अंतर्भूत आहे. शपथ, पत्र आणि नोंद या तीन संहिताप्रकारांच्या आधारे त्याचा उलगडा होऊ शकतो.

महाराष्ट्र शासनाने २ ऑक्टोबर २०२० रोजी ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू केले. भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश या पंचतत्त्वांवर त्याची मांडणी आधारलेली असून नागरिकांसाठी ई-शपथेची सोय त्यात करण्यात आली. शपथेतील ‘मी’ प्रथमपुरुषी असतो. परंतु त्याचे वाक्य दुसऱ्याने आधीच रचलेले असते. शिवाय शपथ घेणाऱ्याच्या आचरणालाच ती बांधू शकते. नाल्याची रुंदी, बसगाड्यांची संख्या किंवा वृक्षतोडीची परवानगी हे विषय तिच्या कक्षेबाहेर राहतात.

पत्राचे स्वरूप याहून भिन्न आहे. मुंबईतील आरे येथील वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका उच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०१९ रोजी फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी झाडे तोडण्यास प्रारंभ झाला. विधी शाखेच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या पत्रालाच जनहित याचिका मानून सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर रोजी विशेष सुनावणी घेतली व पुढील तोड थांबविली. येथे वाक्य युवकांचे होते आणि सर्वोच्च व्यासपीठावर ते ऐकले गेले. मात्र परवानगी मिळालेल्या २,१८५ झाडांपैकी २,१४१ झाडे तोवर तोडली गेली होती. पत्राने युवकाला कर्तेपद दिले, परंतु ते कुऱ्हाड पडल्यानंतर.

तिसरा प्रकार नोंदीचा. अरवलीची उत्तरेकडील शेपटी असलेल्या दिल्लीच्या रिज वनाच्या रक्षणासाठी १९७९ मध्ये शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थी एकत्र आले आणि त्यातून ‘कल्पवृक्ष’ ही संस्था उभी राहिली. पुढे पुण्यातही तिचे कार्य रुजले. ‘हवामान बदल’ ही संज्ञा त्या काळी सार्वजनिक चर्चेत नव्हती; तरीही शहराची धूळ अडविणारे आणि उष्मा कमी करणारे वन राखणे ही आजच्या अर्थाने हवामान-कृतीच होती. निदर्शनांच्या जोडीला प्रत्यक्ष पाहणी करून लिहिण्याची शिस्त या गटाने अंगी बाणविली. १९८३ मधील नर्मदा खोऱ्याच्या पदयात्रेतून १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास हे तिचेच फलित होय. नोंद करणारा युवक साक्षीदार असतो, आणि त्याची साक्ष निर्णयापूर्वी मांडता येते.

मार्च २०२२ मध्ये जाहीर झालेल्या मुंबई हवामान कृती आराखड्याने २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे लक्ष्य ठेवले. त्या वर्षी विशीत असलेला विद्यार्थी लक्ष्यपूर्तीच्या वेळी अठ्ठेचाळीस वर्षांचा असेल. कोणत्या वस्तीत किती वेळ पावसाचे पाणी साचते, कोणत्या बसथांब्यावर सावली नाही, याची त्याने स्वतःच्या भाषेत केलेली नोंद प्रभागाच्या नियोजनात व अंदाजपत्रकात पोहोचण्याची निश्चित वाट असेल, तरच ‘सहभाग’ या शब्दातील ‘भाग’ त्याच्या वाट्याला येईल. ती वाट नसेल, तर शपथांची संख्या वाढत राहील आणि पत्रे उशिराच लिहिली जातील.