शेडचा हंगाम आणि नखाचा हंगाम

नेलपॉलिशच्या शेडना जो हंगाम असतो, तो युरोप-अमेरिकेच्या कपड्यांच्या कपाटातून आलेला आहे. तिकडे थंडी पडू लागली की लोकरीचे जाड कपडे बाहेर निघतात आणि नखांवर वाइन, चॉकलेटी, शेवाळी असे गडद रंग चढतात. बर्फ वितळले की पुन्हा फिका गुलाबी आणि पुदिन्यासारखा हिरवा. न्यूयॉर्कमध्ये १९३२ साली सुरू झालेल्या रेव्हलॉन कंपनीने या चालीचा पाया घातला. तोवर पॉलिशमध्ये विरघळणारे, आरपार दिसणारे रंग असत. रेव्हलॉनने त्यात रंगाची न विरघळणारी बारीक पूड घातली आणि नख पूर्ण झाकणारा दाट रंग बाजारात आणला. दाट रंगामुळे शेडमधला फरक डोळ्यांत भरू लागला. मग प्रत्येक शेडला नाव मिळाले आणि १९४० मध्ये ओठ व नखे एकाच रंगात रंगवण्याची जाहिरात आली. पुढे १९९४ मध्ये शनेलने ‘रूज न्वार’ हा जवळजवळ काळा वाटणारा लाल रंग आणला, तेव्हापासून गडद नखे हिवाळ्याची ओळख होऊन बसली.

भारतात टाटा समूहाने १९५२ मध्ये लॅक्मे सुरू केली. हे नाव एका फ्रेंच ऑपेराच्या नायिकेचे, म्हणजे ‘लक्ष्मी’चेच फ्रेंच रूप. त्याच नावाच्या मुंबईच्या फॅशन वीकने वर्षातल्या दुसऱ्या सोहळ्याला ‘विंटर/फेस्टिव्ह’ म्हटले, आणि खरा अर्थ त्यातल्या तिरक्या रेषेच्या पुढच्या शब्दात आहे. महाराष्ट्रात नवी शेड थंडीसाठी घेतली जात नाही, सणासाठी घेतली जाते. पुण्याची तुळशीबाग, दादरचा रानडे रोड आणि तालुक्याच्या गावातले कटलरीचे दुकान, तिन्हीकडे नव्या बाटल्यांची रांग गौरी-गणपतीच्या आधी लागते आणि दिवाळीपर्यंत हलत राहते. या काळातली हवा मात्र निराळी असते. भाद्रपदात ती ओली, आणि त्यामागोमाग ऑक्टोबरचे ऊन. शेड कॅटलॉगप्रमाणे निवडली तरी ती नखावर किती टिकणार हे या हवेवर, हाताच्या कामावर आणि नखाच्या स्वभावावर ठरते. शेड घेऊन पाहताना या तीन गोष्टींचा विचार फार थोड्या दुकानांत होतो.

नख म्हणजे केराटिन या प्रथिनाचे दाबून बसलेले मृत थर. जिवंत भाग असतो तो मुळाशी, कातडीखाली. तिथून नख सतत पुढे सरकत असते, आणि किती वेगाने, याचा सर्वांत चिवट शोध विल्यम बीन या अमेरिकन डॉक्टरने घेतला. १९४१ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांनी डाव्या अंगठ्याच्या नखावर मुळाजवळ कानशीने एक बारीक खूण केली आणि ती टोकापर्यंत पोहोचायला किती दिवस लागतात ते टिपले. पुढे दर महिन्याच्या पहिल्या तारखेला एक नवी खूण, असा हा नेम त्यांनी पस्तीस वर्षे पाळला. बत्तिसाव्या वर्षी त्यांचे नख दिवसाला ०.१२३ मिलिमीटर वाढत होते, सदुसष्टाव्या वर्षी ०.०९५. प्रयोगशाळा नाही, यंत्र नाही. एक कानस, एक वही आणि स्वतःचा अंगठा. नखाबद्दल लिहिणाऱ्या प्रत्येकाने या वहीचे ऋण मानायला हवे.

या आकड्यांचा पॉलिशशी थेट संबंध आहे. दिवसाला दशांश मिलिमीटर म्हणजे पंधरवड्यात दीड मिलिमीटर. गडद शेड लावली की मुळाशी तेवढी फिकी पट्टी दोन आठवड्यांत उघडी पडते, तर नखाच्याच रंगाजवळची शेड महिनाभर खपून जाते. मधल्या बोटाचे नख सर्वांत भराभर वाढते, अंगठ्याचे आणि करंगळीचे सावकाश, त्यामुळे ही पट्टीही सगळीकडे सारखी दिसत नाही. दिवाळीची शेड वसुबारसेला लावायची की नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री, याचे उत्तर याच हिशेबात आहे.

पाण्याचा हिशेब याहून महत्त्वाचा. नख टणक दिसते, पण पाणी त्यात कातडीपेक्षा सहज शिरते आणि तसेच बाहेर पडते. भिजले की ते फुगते, सुकले की आकसते. त्यावरचा पॉलिशचा पापुद्रा मात्र फुगत नाही. गणपतीच्या दिवशी मोदकांची उकड मळणाऱ्या हाताकडे जवळून पाहिले तर हे कळते. ऊन ऊन पीठ, मधूनमधून तेलपाण्याचा हात, वर वाफ. अर्ध्या तासात नख मऊ होऊन किंचित वाकते, टोकाशी पॉलिशची कड सुटते, आणि दुपारची भांडी घासून होईतो तिथे टवका उडालेला असतो. दोष बहुधा बाटलीला दिला जातो. खरे तर टोकाच्या जाडीवरूनही ब्रशचा एक हात फिरवला आणि भांड्यांसाठी हातमोजे घातले तर तेच पॉलिश अधिक दिवस टिकते. पार्लरमध्ये बोटे कोमट पाण्यात बुडवून लगेच पॉलिश लावतात, तेही याच कारणाने चुकीचे. फुगलेल्या नखावर बसलेला रंग नख आकसताच सैल होतो. कोरड्या नखावर, तेलाचा अंश रिमूव्हरने पुसून, मग बेस कोट, हा क्रम अधिक टिकाऊ.

बाटलीतला मुख्य घटक नायट्रोसेल्युलोज, म्हणजे नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस. एकोणिसाव्या शतकात हाच पदार्थ अधिक तीव्र रूपात ‘गनकॉटन’ म्हणून तोफखान्यात गेला. १९२३-२४ च्या सुमारास त्याचे सौम्य रूप मोटारींच्या रंगात आले, आणि ज्या गाड्या रंगवून सुकायला आठवडे लागत त्या काही तासांत सुकू लागल्या. नखावरच्या झटपट सुकणाऱ्या चकाकीचे रसायन तेच आहे. बाटली ज्वालाग्राही असते ती यामुळे आणि त्यातल्या द्रावकांमुळे. पणत्या लागलेल्या असताना किंवा शेगडीजवळ बसून नखे रंगवणे धोक्याचे.

हा कापूस इथाइल अ‍ॅसिटेट आणि ब्युटाइल अ‍ॅसिटेट या द्रावकांत विरघळवलेला असतो. पहिले भराभर उडते, दुसरे सावकाश. पाच मिनिटांत पृष्ठभाग कोरडा लागतो, पण आतला थर पक्का व्हायला काही तास जातात. रात्री झोपताना लावलेल्या पॉलिशवर सकाळी चादरीच्या विणीची जाळी उमटलेली दिसते, ती या आतल्या ओलेपणामुळे. दमट हवेत आणखी एक अडचण येते. द्रावक उडताना नखाचा पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि चकाकी धुरकट होते. जाड थर देऊन वर गरम हवेचा झोत सोडला तर बुडबुडे येतात. पावसाळ्यात अगदी पातळ दोन हात, मध्ये चांगले अंतर, आणि साध्या पंख्यापासून जरा लांब बसणे, एवढे पुरते.

रंगाची पूड जड, ती तळाशी बसायला हवी. ती तरंगत राहते हेक्टोराइट किंवा बेंटोनाइट जातीच्या मातीमुळे. प्रक्रिया केलेली ही माती द्रवात एक अदृश्य जाळी विणते. बाटली हलवली की जाळी मोडते आणि द्रव पातळ होऊन ब्रशवरून ओघळतो. नखावर स्थिरावला की जाळी पुन्हा जमते आणि रंग कडेने वाहत नाही. आत खुळखुळणारी पोलादी गोळी ही जाळी मोडायला मदत करते. दाट झालेल्या बाटलीत रिमूव्हर ओतण्याची घरगुती रीत ही घडी बिघडवते. त्यासाठी अ‍ॅसिटेटचेच थिनर मिळते, त्याचे दोन-तीन थेंब पुरेत.

दिवाळीच्या शेडमधली मोतिया चमक अभ्रकाची. अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर दिला की प्रकाश त्या थरांवरून परावर्तित होतो. हे अभ्रक मोठ्या प्रमाणावर झारखंड आणि बिहारमधून येते. कोडरमा आणि गिरिडीहच्या बंद पडलेल्या, बेकायदा खणल्या जाणाऱ्या खाणींत लहान मुले ते वेचतात, हे अनेक तपासांतून उघड झाले. त्यानंतर २०१७ मध्ये काही कंपन्यांनी एकत्र येऊन जबाबदार अभ्रक खरेदीसाठी संस्था उभी केली. तरी आपले अभ्रक कुठून येते हे बाटलीवर सांगणारी कंपनी अजून विरळाच, आणि हा प्रश्न शेडच्या नावापेक्षा कितीतरी मोठा आहे.

दुकानात शेड पाहण्याची जागा काचेच्या कपाटासमोर नाही, दाराशी आहे. पांढऱ्या ट्यूबलाइटखाली निळसर दिसणारा गुलाबी उन्हात नारिंगीकडे झुकतो. बाटलीतला दाट रंगही फसवा. नखावर येतो तो दोन पातळ थरांचा रंग. आइस्क्रीमच्या काडीवर किंवा पारदर्शक चिकटपट्टीवर दोन हात देऊन ती पट्टी नखावर धरली की बोटाच्या वर्णाशी रंग कसा जुळतो ते कळते, आणि दहाजणींच्या नखांवरून फिरलेला टेस्टरचा ब्रश स्वतःच्या नखाला लागत नाही. युरोपी वसंताच्या दुधट शेडमध्ये टायटॅनियमची पांढरी पूड भरपूर असते. गव्हाळ किंवा सावळ्या बोटांवर त्या खडू फासल्यासारख्या दिसतात. याउलट वीटकरी, जांभूळ, गडद मोरपंखी हे रंग सावळ्या हातावर जितके खुलतात तितके गोऱ्या हातावर खुलत नाहीत.

लिपस्टिक आणि काजळाचे थोडक्यात. लिपस्टिकचा रंग मनगटावर पाहण्यापेक्षा बोटाच्या पेरावर पाहावा, तिथला गुलाबीपणा ओठांना जवळचा असतो. ऑक्टोबरच्या उन्हात पर्समध्ये राहिलेल्या लिपस्टिकवर घामासारखे तेलाचे थेंब येतात, कारण उष्णतेने मेणातले तेल सुटते. काजळाचा टेस्टर डोळ्याला लावू नये, यात अपवाद नाही.

नव्या पॉलिशची अ‍ॅलर्जी मात्र अनपेक्षित ठिकाणी दिसते. बोटांची कातडी जाड, ती सहसा तक्रार करत नाही. खाज आणि लाली येते पापण्यांवर आणि मानेवर, जिथे ती बोटे दिवसभर नकळत लागत असतात. चेहऱ्याची क्रीम बदलून थकलेल्या अनेकींच्या त्रासाचे मूळ नखांवर असते. टोसिलामाइड-फॉर्मल्डिहाइड रेझिन हा त्यातला जुना, ओळखीचा गुन्हेगार.

जेल पॉलिशची बातमी आता सर्वांना ठाऊक आहे. युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून टीपीओ हा घटक असलेल्या नखांच्या उत्पादनांची विक्री आणि वापर थांबवला. जेल कडक करणाऱ्या दिव्याचा प्रकाश पडताच टीपीओचा रेणू फुटतो, त्याचे तुकडे जेलमधल्या मेथाक्रिलेटचे सुटे रेणू एकमेकांत गुंफतात आणि मिनिटाभरात कडक थर बनतो. रंग पिवळा पडत नाही, म्हणून तो कारागिरांचा आवडता. आधी व्यावसायिक वापरासाठी ५ टक्क्यांपर्यंत त्याला मुभा होती. बंदीचे कारण म्हणजे तोंडावाटे दिलेल्या मोठ्या मात्रेने प्राण्यांच्या प्रजननक्षमतेवर झालेला परिणाम. जेल लावणाऱ्या स्त्रियांमध्ये आढळलेला आजार नव्हे. ज्यांनी आजवर जेल लावले त्यांनी घाबरण्याचे कारण नाही.

या गदारोळात रोजचा धोका झाकला गेला, याची खंत वाटते. तो धोका अर्धवट कडक झालेल्या जेलचा आहे. एका कंपनीचे जेल आणि भलत्याच कंपनीचा स्वस्त दिवा असा मेळ घातला की वरचा थर पक्का होतो, आतले मेथाक्रिलेट सुटे राहते आणि कातडीत शिरते. ब्रिटनच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने घरगुती जेल किटबद्दल २०१८ मध्येच इशारा दिला होता. ही अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते, आणि दातांच्या सिमेंटमध्ये किंवा सांधेरोपणाच्या सिमेंटमध्ये याच कुळातली द्रव्ये असतात. विशीतल्या मुलीने सणासाठी केलेली हौस साठीतल्या शस्त्रक्रियेत आडवी येऊ शकते. जेल कातडीला लागू न देणे आणि त्याच कंपनीचा दिवा वापरणे, एवढी काळजी टीपीओच्या बातमीपेक्षा जास्त उपयोगाची.

शेवटी रंग काढण्याचे काम. अ‍ॅसिटोनचा बोळा नखावर दहा सेकंद दाबून धरावा आणि मग एका ओढीत पुसावा. घासत बसले की कडेची कातडी पांढरी पडून तडकते. नवरात्रात रोज त्या दिवसाच्या रंगाची नखे हवीत म्हणून नऊ दिवसांत नऊ वेळा रिमूव्हर लावला तर नख कोरडे होऊन पापुद्रे सुटतात. नऊ बोटांवर नऊ रंग एकदाच लावणाऱ्या मुलींनी त्यावर चांगला तोडगा काढला आहे. जेल खरवडून काढताना नखाचे वरचे थर सोबत निघतात आणि ते भरून येत नाहीत. मुळापासून नवे नख येईपर्यंत सहा महिने जातात. शस्त्रक्रियेआधी किमान एका बोटाचा रंग काढायला सांगतात, कारण ऑक्सिमीटरचा प्रकाश नखातून आरपार जावा लागतो आणि निळ्या-काळ्या शेड त्यात अडथळा आणू शकतात.

मेंदीला मात्र रिमूव्हर नाही. तिच्यातले लॉसोन केराटिनला घट्ट धरते; तळव्यावरून ते आठवड्या-दोन आठवड्यांत कातडीबरोबर झडते, नखात तसेच राहते. नागपंचमीला रंगलेले नख लक्ष्मीपूजनापर्यंत आठ-नऊ मिलिमीटर पुढे सरकलेले असते. मुळाकडचा भाग स्वच्छ, आणि टोकाला केशरी चंद्रकोर, ती नेलकटरनेच निघते.