कर कॉफीवरचा, तलफ चहाची

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि इन्स्टंट कॉफी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर उतरली. त्याच यादीत कॅफिनयुक्त शीतपेयं ४० टक्क्यांच्या खान्यात जाऊन बसली. चहापत्तीला कुणी हात लावला नाही. ती आधीही ५ टक्क्यांत होती, आजही तिथेच आहे. तिन्हींत काम करणारा पदार्थ मात्र एकच. तो पुडीतून आला की संसारोपयोगी ठरतो, बाटलीतून आला की चैनीचा, आणि गंजात उकळून आला की त्याची कुणी चौकशीही करत नाही.

बुलडाणा जिल्ह्यापुरतं बोलायचं तर या बातमीतली कॉफी बाजूला ठेवलेलीच बरी. इथली कॉफी म्हणजे हिवाळ्यातल्या लग्नात फसफसणारं मशीन, नाहीतर परीक्षेच्या दिवसांत वसतिगृहात फाडली जाणारी पुडी. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, चिखलदऱ्याच्या डोंगरावर, इंग्रजांच्या काळापासून कॉफी पिकते. तरी तिने घाट उतरून वऱ्हाडाच्या चुलीवर जागा मिळवली नाही. मलकापूरच्या रेल्वे स्टेशनपासून लोणारच्या बसस्थानकापर्यंत जिल्हा कॅफिन घेतो तो चहातून. आणि तो किती घेतो, हे मोजायची पद्धत नाही.

मोजायला फार कष्ट नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी मे २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यांच्या हिशेबाने १५० मिलीलिटरच्या कपभर चहात ३० ते ६५ मिलीग्रॅम कॅफिन असतं, तेवढ्याच इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ आणि बियांची पूड करून गाळलेल्या कॉफीत ८० ते १२०. दिवसाला ३०० मिलीग्रॅमच्या वर जाऊ नये, असा त्यांचा सल्ला. टपरीवरचा कट या कपाच्या साधारण निम्मा. म्हणजे त्यात १५ ते ३० मिलीग्रॅम धरायला हरकत नाही.

आता एक सर्वसाधारण दिवस घ्या. पहाटे गोठ्याकडे वळण्याआधी एक कट, शेतावर निघताना एक, जेवणावर एक, चारच्या सुमारास किटलीतला एक, दिवेलागणीला एक, आणि कुणाच्या घरी गेल्यावर नाही म्हणता येत नाही तो एक. बेरीज होते ९० ते १८० मिलीग्रॅम. जिल्ह्याच्या चहाची सगळी गंमत या आकड्यात आहे. धोक्याची म्हणून सांगितलेली रेषा ३०० वर आहे. शरीराला सवय लागायला १०० पुरतात. सहा कट पिणारा माणूस बहुधा या दोन रेषांच्या मधेच राहतो. त्याला त्रास होत नाही, फक्त चहा सुटत नाही.

१०० हा आकडा कुठून आला, याची हकीकत सांगण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रोलंड ग्रिफिथ्स नावाचे संशोधक होते. पुढे त्यांचं नाव झालं ते मॅजिक मशरूममधल्या सायलोसायबिनवरच्या प्रयोगांमुळे. पण त्याआधी त्यांनी कॅफिनच्या अभ्यासाला बरीच वर्षं दिली होती. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बाहेरचे स्वयंसेवक न शोधता स्वतःलाच प्रयोगाला बसवलं. रोज १०० मिलीग्रॅम कॅफिनची सवय लावली, मग कळू न देता कॅफिनच्या जागी रिकामी कॅप्सूल दिली. निम्म्याहून अधिक जणांना डोकेदुखी, मरगळ, कामात मन न लागणं असा त्रास झाला. औषधांच्या परिणामांचा अभ्यास हाच ज्यांचा पेशा, त्यांचीही त्यातून सुटका झाली नाही.

२००४ साली ग्रिफिथ्स आणि लॉरा जुलियानो यांनी अशा ६६ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यातून निघालेलं वेळापत्रक चहाबाजांनी पाठ करावं असं आहे. शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत त्रास सुरू होतो, २० ते ५१ तासांच्या दरम्यान तो कळसाला पोचतो आणि दोन ते नऊ दिवसांत संपतो. प्रयोगांत सुमारे निम्म्या लोकांचं डोकं दुखलं. कामच करता येऊ नये इतका त्रास झालेले साधारण १३ टक्के. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये आपल्या निदान-पुस्तकात कॅफिन बंद केल्यावरच्या या त्रासाला अधिकृत निदानाचा दर्जा दिला. ‘कॅफिनचं व्यसन’ हा विकार मात्र त्याच पुस्तकात ‘आणखी अभ्यास हवा’ या यादीत ठेवला. दारूने मोडलेली घरं पाहिलेल्या जिल्ह्यात चहाला व्यसन म्हणणं अतिशयोक्ती वाटेल, आणि ती आहेच.

आत घडतं ते असं. जागेपणी मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं आणि ते थकव्याची वर्दी देतं. कॅफिनची घडण त्याच्याशी मिळतीजुळती असल्यामुळे ते अ‍ॅडिनोसिनची जागा अडवून बसतं. थकवा तसाच राहतो, वर्दी तेवढी पोचत नाही. रोज असं होऊ लागलं की मेंदू अशा जागाच वाढवतो. मग एक दिवस चहा चुकला, की अ‍ॅडिनोसिनला मोकळं रान मिळतं, आकसलेल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि डोकं उठतं. पहिल्या कपाने जी तरतरी येते, तिच्यातला बराच भाग म्हणजे रात्रभरात सुरू झालेला हा त्रास मिटणं एवढाच असतो.

या डोकेदुखीचं खापर आपल्याकडे पित्तावर, उन्हावर, नाहीतर चष्म्याच्या नंबरावर फुटतं. ती येण्याचे दिवस मात्र ठरलेले असतात. आठवडाभर सकाळी सहाला चहा घेणारा कर्मचारी रविवारी नऊला उठतो, तेव्हा ती येते. एकादशीला येत नाही, कारण आपल्या उपवासाला चहा चालतो. निर्जळी हरतालिकेला येते. रमजानच्या पहिल्या काही रोजांत येते, म्हणूनच आधीच्या पंधरवड्यात चहा हळूहळू कमी करावा, असं डॉक्टर सांगतात. शस्त्रक्रियेसाठी उपाशी ठेवलेल्या रुग्णाला ती येते आणि भुलीच्या नावावर खपते.

मग किराणा दुकानातून गोळी येते. सॅरिडॉनच्या एका गोळीत पॅरासिटामॉल आणि प्रोपिफेनाझोनबरोबर ५० मिलीग्रॅम कॅफिन असतं, म्हणजे दोन-तीन कटांइतकं. गोळीने उतार पडतो, आणि त्यातला काही वाटा चुकलेल्या चहाच्या भरपाईचा असतो, हे घेणाऱ्याच्या गावीही नसतं.

याच चहाने एकेकाळी पुण्यात ग्रामण्य उभं केलं होतं. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये गोपाळराव जोशी यांनी घडवून आणलेल्या कार्यक्रमात टिळक, रानडे, गोखले अशा मंडळींसमोर चहा-बिस्किटं आली. नावं वर्तमानपत्रात छापली गेली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत पोचलं आणि रानड्यांना पुढे प्रायश्चित्त घ्यावं लागलं. मिशनऱ्यांच्या हातचा चहा म्हणून ते पाप होतं. पुढच्या अर्धशतकात चहाच्या व्यापाऱ्यांनी आणि चहावरच्या उपकरातून चालणाऱ्या समितीने रेल्वे स्टेशनं, गिरण्या आणि बाजारपेठांत चहा करून दाखवला, फुकट पाजला. बुलडाणा जिल्ह्यात मुंबई-नागपूर लोहमार्गावर मलकापूर, नांदुरा, शेगाव ही स्टेशनं होती आणि कापसासाठी जलंबहून खामगावपर्यंत १८७० मध्येच फाटा निघाला होता. चहाला वाट काढायला याहून सोयीचा मुलूख कुठला? आज भारत स्वतः पिकवलेल्या चहातला सुमारे ८० टक्के चहा स्वतःच पितो.

पाप पुसलं गेलं ते बरंच झालं. पण त्याबरोबर हिशेबही पुसला गेला. चहाला दोष द्यायचाच तर कॅफिनपेक्षा त्याच्या सोबत्यांना द्यायला हवा.

पहिला सोबती टॅनिन. जेवणावर लगेच चहा घेतला की भाकरी-डाळीतलं लोह शरीराला नीट मिळत नाही. पोषण संस्थेने जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळा म्हटलं ते यासाठी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याचं एकमेव कारण चहा नव्हे. भाजी, डाळ, मांस ताटात किती पडतं हा मूळ प्रश्न. पण सोयाबीन सोंगून आलेली बाई आधीच तुटपुंज्या जेवणावर चहा घेते, आणि गरोदर सून सरकारी दवाखान्यातली लोहाची गोळी चहाच्या घोटाबरोबर गिळते, तेव्हा मिळालेलंही वाया जातं. तासाभराचं अंतर ठेवायला पैसे लागत नाहीत. गावोगावच्या आशा सेविका हे सांगतातही. सासरच्या वेळापत्रकापुढे त्यांचं किती चालतं, हा वेगळा प्रश्न.

दुसरा सोबती साखर. कटामागे दीड चमचा धरला तर सहा कटांत ४५ ग्रॅमच्या आसपास साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहणं चांगलं. जिल्ह्याची कॅफिनची मर्यादा चहाने ओलांडली जात नाही, साखरेची दुपारीच ओलांडली जाते.

तिसरा सोबती म्हणजे चहावरचा भाबडा भरवसा, आणि तो सगळ्यांत महाग पडतो. समृद्धी महामार्ग मेहकर, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या तालुक्यांतून जातो. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा शिवारात नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. कारणांवर बराच वाद झाला; पण सरळसोट रस्त्यावर चालकाला येणाऱ्या गुंगीची चर्चा त्यानंतर घराघरांत पोचली. त्यावर सर्रास सांगितला जाणारा उपाय एकच: थांबून चहा मारायचा आणि निघायचं.

इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठात जिम हॉर्न आणि लुईस रेनर यांनी १९९० च्या दशकात झोपाळलेल्या चालकांना कृत्रिम गाडीवर बसवून हेच तपासलं. १५० ते २०० मिलीग्रॅम कॅफिन आणि पाठोपाठ १५ मिनिटांची डुलकी, ही जोडी कामाला आली. कॅफिनला अंगात भिनायला २०-३० मिनिटं लागतात, तेवढ्यात डुलकी होऊन जाते. आता एका कटातले १५ ते ३० मिलीग्रॅम आठवा. रात्री अडीचला एक कट घेऊन लगेच गाडी हाकणाऱ्या चालकाच्या अंगात ना पुरेसं कॅफिन असतं, ना झोप. रोजच्या सवयीमुळे त्याच्यावर त्या कटाचा परिणाम आणखीच थोडा. महामार्गावर विश्रांतीच्या जागा वाढवण्याची मागणी होते, ती रास्तच आहे. पण तिथे चहाच्या टपरीइतकीच चालकाला पाठ टेकायला खाट हवी, हेही मागायला हवं.

उरली पोरं. पोलीस भरती आणि स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत रात्री दहाचा चहा ठरलेला. मोठ्या माणसाच्या शरीरातलं निम्मं कॅफिन निघून जायला सरासरी पाच तास लागतात. म्हणजे पहाटे तीनलाही निम्मा चहा अंगात जागा असतो आणि पाचला मैदानावर धावायचं असतं. गरोदरपणात हाच काळ कितीतरी लांबतो. सिगारेटच्या धुराने यकृत कॅफिन लवकर उरकतं, पण तो परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही. त्यामुळे खर्रा चघळणाऱ्याला तीही सवलत नाही.

चहाच्या जोडीला आता एनर्जी ड्रिंकची बाटली आली आहे. नियमानुसार अशा पेयांत लिटरमागे १४५ ते ३०० मिलीग्रॅम कॅफिन चालतं. म्हणजे २५० मिलीच्या बाटलीत ७५ मिलीग्रॅमपर्यंत. लहान मुलं आणि गरोदर महिलांसाठी नाही, असं वेष्टनावर छापणं बंधनकारक आहे. जुलै २०२४ मध्ये तत्कालीन अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी शाळांच्या ५०० मीटर परिसरात अशा पेयांच्या विक्रीवर बंदी आणू, असं विधान परिषदेत सांगितलं. तालुक्याच्या गावी शाळेपासून ५०० मीटर म्हणजे अर्धी बाजारपेठ. एवढा टापू तपासायला माणसं कुठून आणणार, हे त्या घोषणेत नव्हतं. ४० टक्के कराचा धाकही फारसा नाही, कारण जुना कर आणि त्यावरचा उपकर मिळून बोजा आधीही तेवढाच होता.

चहा सोडा, असं सांगायची गरज नाही. निरोगी माणसाला सहा कटांतल्या कॅफिनने काही होत नाही. कमी करायचाच असेल तर एकदम तोडू नये. तीन-चार दिवसांनी एकेक कप गाळावा, संध्याकाळचा आधी, सकाळचा शेवटी. डोकं उठलंच तर गोळीच्या वेष्टनावर कॅफिन लिहिलंय का, ते पाहावं. जेवण आणि चहा यांत तासाचं अंतर ठेवावं. आणि रात्री समृद्धीवर डोळे जड झाले तर कटावर विसंबू नये. गाडी थांब्यावर लावून झोपावं.